आल्याच्या आड दडलेली दारू

घरच्या घरी कॉकटेल बनवण्याची हौस शहरांत आता चांगलीच रुजली आहे. शनिवारी संध्याकाळी मित्रमंडळी जमतात, अननस चिरला जातो, नारळाचे दूध काढले जाते, कोकम आगळाची बाटली बाहेर येते, आणि त्यात ओतली जाते आल्याच्या स्वादाची रम, जिन किंवा व्होडका. बाजारात तयार मिळाली तर ठीक, नाहीतर बाटलीत आल्याचे काप टाकून तीन-चार दिवस मुरवायचे की झाले. गोव्यात हुर्राकाच्या मोसमात लिंबू, मिरची, मीठ यांच्या जोडीला आलेही ग्लासात उतरते. चवीबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. आले, लिंबू, अननस आणि नारळ ही उष्ण प्रदेशांतली जुनी आणि उत्तम जमलेली चौकडी आहे.

तक्रार आहे ती या ग्लासाबरोबर येणाऱ्या एका वाक्याबद्दल. ‘यात आले आहे, पोटाला बरे असते.’ हे वाक्य म्हणणारा अर्धे गमतीने म्हणतो, अर्धे मनापासून. आले म्हणजे औषध, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. खोकला झाला की आलेपाक, पोट बिघडले की आल्याचा रस आणि मीठ, रामनवमीला सुंठवडा, पावसाळ्यात आल्याचा चहा. या साऱ्या विश्वासाची सावली मग शेजारच्या बाटलीवरही पडते आणि ती थोडी कमी वाईट वाटू लागते.

माझे म्हणणे असे की, कॉकटेलमधले आले दारूला औषध बनवत नाही. उलट दारू किती पोटात गेली हे ओळखण्याची आपली एक नैसर्गिक खूण ते पुसून टाकते. मात्र हेच आले नीट वापरले, तर दारू कमी करायलाही उपयोगी पडते. हे दोन्ही कसे घडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

जिभेवरचा एकच दरवाजा

ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या द्रव्यामुळे असतो. आले वाळले की त्यातल्या काही जिंजेरॉलचे शोगॉल बनते आणि ते अधिक झणझणीत असते. म्हणून सुंठ ताज्या आल्यापेक्षा जास्त झोंबते. ही द्रव्ये जिभेवरच्या आणि घशातल्या मज्जातंतूंवरील टीआरपीव्ही-१ नावाच्या संवेदकाला चेतवतात. मिरचीतले कॅप्सेसिनही याच संवेदकाला चेतवते. मुळात हा संवेदक उष्णता ओळखण्यासाठी आहे. तापमान साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की तो मेंदूला ‘भाजते आहे’ असा संदेश पाठवतो. मिरची किंवा आले खाल्ल्यावर प्रत्यक्षात काहीही गरम नसते, पण संदेश तोच जातो.

आता गंमत अशी की, नीट दारूचा घोट घेतल्यावर घशाला जी आग होते, तिच्यातही याच संवेदकाचा मोठा वाटा असतो. अल्कोहोलमुळे या संवेदकाचा उंबरठा ४२ अंशांवरून सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली येतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश. म्हणजे दारूचा स्पर्श होताच शरीराची स्वतःचीच ऊब संवेदकाला ‘भाजल्या’सारखी वाटू लागते.

थोडक्यात, आले आणि अल्कोहोल दोघेही एकाच दारावर थाप मारतात. दार कोणी ठोठावले, हे आत बसलेल्या मेंदूला नेमके कळत नाही. ग्लासात आले आहे हे माहीत असले की घशाची सगळी आग आपण आल्याच्या खात्यावर मांडतो. ‘आले काय मस्त लागले आहे!’ असे म्हणतो. त्या आगीतला अर्धा वाटा दारूचा असू शकतो, हे लक्षातच येत नाही.

नीट दारूची आग त्रासदायक असते, पण तिचा एक उपयोग असतो. घोट लहान ठेवायला ती भाग पाडते. फळांच्या कॉकटेलमध्ये हा अडसर एकाच वेळी चार बाजूंनी काढला जातो. आले आगीचा दोष स्वतःवर घेते. साखर आणि अननसाचा रस अल्कोहोलचा कडवटपणा झाकतात. बर्फाच्या गारव्याने उष्णतेचा संवेदक शांत होतो. नारळाच्या दुधातला स्निग्धांश तोंडाला मऊपणा देतो. परिणामी जे मिश्रण तयार होते ते सरबतासारखे लागते आणि सरबतासारखेच प्यायले जाते.

नारळाच्या दुधाची आणखी एक करामत आहे. स्निग्ध पदार्थांमुळे पोट रिकामे व्हायला वेळ लागतो, त्यामुळे अल्कोहोल रक्तात जरा सावकाश उतरते. ऐकायला हे चांगले वाटते. पण पहिला ग्लास संपून अर्धा तास झाला, डोक्याला काही जाणवत नाही, म्हणून दुसरा भरला जातो. आणि मग दोन्हींचा परिणाम एकामागोमाग येऊन ठेपतो.

एका ग्लासचे गणित

घरच्या कॉकटेलची सर्वांत मोठी अडचण चवीची नसून मापाची आहे. बारमध्ये निदान ३० आणि ६० मिलिलिटरचे माप वापरले जाते. घरात हाताच्या अंदाजाने ओतले जाते, आणि यजमानाचा हात पाहुण्यांसाठी नेहमीच सैल असतो.

हिशेब अवघड नाही. जितके मिलिलिटर मद्य, त्याला बाटलीवरच्या टक्केवारीने गुणायचे, शंभराने भागायचे आणि पुन्हा ०.७९ ने गुणायचे. उत्तर येते शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. आपल्याकडे रम, व्होडका, जिन सहसा ४२.८ टक्क्यांची असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल जाते आणि ६० मिलिलिटरमध्ये २० ग्रॅम. आरोग्यशास्त्रात १० ग्रॅमला ‘एक प्रमाणित पेय’ मानण्याची पद्धत बरीच रूढ आहे, त्यामुळे हे आकडे लक्षात ठेवायलाही सोपे आहेत.

आता आल्याचे एक नेहमीचे फळांचे कॉकटेल घेऊ. आले मुरवलेली रम ६० मिलिलिटर. त्यावर ‘स्वादासाठी’ आल्याचे गोड लिकर ३० मिलिलिटर. अननसाचा रस १५० मिलिलिटर, साखरेचा पाक एक मोठा चमचा, नारळाचे घट्ट दूध दोन चमचे, वर लिंबू आणि बर्फ. रमचे २० ग्रॅम आणि ३० टक्क्यांच्या लिकरचे ७ ग्रॅम मिळून एकाच ग्लासात २७ ग्रॅम अल्कोहोल झाले. म्हणजे जवळजवळ तीन छोटे पेग. पिणारा मात्र मनात ‘एक’ मोजतो.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हाताळते. आले, लिंबू, कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. म्हणजे हा एक ग्लास निस्तरायला शरीराला तीन ते चार तास लागणार. साठ किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला, तर तासाभरानंतर त्याच्या दर १०० मिलिलिटर रक्तात अंदाजे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असू शकते. तेवढ्याच वजनाच्या स्त्रीच्या रक्तात त्याहूनही जास्त, कारण तिच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते. वाहन चालवण्यासाठी आपल्या कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. ‘एकच तर ग्लास घेतला’ असे म्हणत स्कूटरची किल्ली उचलणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

साखरेचे गणितही फार निराळे नाही. रस, पाक आणि लिकर मिळून ग्लासात ३० ते ३५ ग्रॅम साखर जाते. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममधून ७ कॅलरी मिळतात, त्या वेगळ्याच. चकण्याची तर अजून गणतीच केलेली नाही.

गोव्यातले उदाहरण याहून बोलके आहे. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाचे पहिले ऊर्ध्वपातन म्हणजे हुर्राक. त्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के. पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. तिची तीव्रता ४० टक्क्यांच्या पुढे. मार्च ते मे या महिन्यांत आले-लिंबू-सोडा घालून हुर्राक पिण्याची सवय लागलेला पर्यटक पावसाळ्यात त्याच मापाने, त्याच आल्यात फेणी ओततो. ६० मिलिलिटर हुर्राकात ७ ग्रॅम अल्कोहोल होते, तेवढ्याच फेणीत २० ग्रॅम आहे. ग्लासाचा रंग जवळपास तोच, आल्याचा झटका तोच, दारू मात्र तिप्पट.

‘औषधी’ बाटलीचा जुना इतिहास

आले आणि दारू यांच्या जोडीवर औषधाची चिठ्ठी लावण्याची कल्पना आपली एकट्याची नाही. लंडनमधल्या बेरी ब्रदर्स अँड रड या मद्यविक्रेत्यांनी १९०३ मध्ये आल्याचे एक लिकर तयार केले. ‘द किंग्ज जिंजर’ या नावाने ते आजही विकले जाते. राजे सातवे एडवर्ड उघड्या मोटारीतून फिरायचे, थंडी बाधू नये म्हणून त्यांच्या वैद्याच्या सूचनेवरून ते बनवले गेले, अशी कथा सांगितली जाते. कथा गोड आहे, शरीरशास्त्र मात्र उलटे आहे. अल्कोहोलमुळे त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ऊब वाटते. पण त्याच वाटेने शरीरातली उष्णता बाहेर पडते आणि आतले तापमान उतरते. आल्याने या उबेच्या भासात भरच पडते. हिवाळी सहलीत शेकोटीपाशी आले-रम घेऊन स्वेटर काढून ठेवणाऱ्याला पहाटे हुडहुडी का भरते, याचे उत्तर यात आहे.

दुसरी गोष्ट गोड नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. औषधांच्या दुकानात मात्र ‘जमेका जिंजर’ नावाचा आल्याचा अर्क पोटदुखीवरचे औषध म्हणून मिळत असे. त्यात ७० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल होते. लोकांनी तो पिऊ नये म्हणून सरकारने अट घातली की, अर्कात आल्याचा अंश इतका हवा की घोट गिळणे कठीण व्हावे. तपासनीस अर्क आटवून खाली उरलेला गाळ मोजत. मग नफेखोरांनी आले कमी केले आणि वजन भरून काढायला दुसरे पदार्थ मिसळायला सुरुवात केली. १९३० च्या सुरुवातीला बोस्टनमधल्या दोघा उत्पादकांनी त्यासाठी प्लॅस्टिक आणि वॉर्निशच्या उद्योगात वापरले जाणारे टीओसीपी हे रसायन निवडले. त्याला वास नव्हता, चव नव्हती आणि तपासणीत ते निसटत होते. ते मज्जातंतूंचे विष होते. काही महिन्यांत हजारो माणसांच्या पायांतली शक्ती गेली. बाधितांची संख्या ३० ते ५० हजार असावी, असे अंदाज आहेत. पाऊल फेकत, आपटत चालण्याच्या त्या लकबीला ‘जेक लेग’ हे नाव पडले. बळी गेले ते बहुतेक गरीब, कारण कायदेशीर मिळणारी स्वस्त दारू तीच होती.

त्या काळचे रसायन आज आपल्या बाटलीत येईल, अशी भीती घालण्याचा हेतू नाही. धडा वेगळा आहे. झणझणीत स्वादाच्या आड काय आहे हे जिभेला कळत नाही, आणि ‘औषधी’ हा शब्द लागला की माणूस चौकशी करायचे थांबतो. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. त्या दारूतले मिथेनॉलही चवीवरून ओळखू येण्यासारखे नव्हते. आले, लिंबू किंवा कोकम मिथेनॉलवर काहीच उपाय करू शकत नाही. त्यामुळे घरच्या कॉकटेलचा पहिला नियम स्वादाचा नाही. परवाना असलेल्या दुकानातली सीलबंद बाटली नसेल, तर त्यात आले मुरवण्याचा प्रश्नच उद्भवू नये.

आल्याचे गुण खरे, पण कोणाच्या संगतीत?

आल्याला काहीच गुण नाहीत, असे मी मुळीच म्हणत नाही. मळमळीवर, विशेषतः गरोदरपणातल्या मळमळीवर, दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठेच्या मात्रेने काही प्रमाणात आराम पडतो, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. जिंजेरॉल पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त चांगले विरघळते, त्यामुळे मुरवलेल्या मद्यात आल्याचा अर्क खरोखरच उतरतो, हेही मान्य.

पण विरोधाभास पाहा. आल्याच्या गुणाचा सर्वांत चांगला पुरावा ज्या गरोदर स्त्रीबाबत आहे, तिच्यासाठी अल्कोहोलची एकही मात्रा सुरक्षित मानलेली नाही. आले जठराला शांत करते म्हणून घ्यायचे, तर त्याच घोटातले अल्कोहोल जठराच्या अस्तराला डिवचते आणि अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करते. ज्याला आम्लपित्ताचा त्रास आहे, त्याला आले, लिंबू, अननस आणि दारू ही चौकडी रात्री दोन वाजता उठवून बसवते. आल्याचा गुण हवा असेल तर तो आल्याच्या चहातही आहे, आणि तिथे सोबत २७ ग्रॅम अल्कोहोल येत नाही.

‘मग आसव-अरिष्टे काय?’ हा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. आयुर्वेदातल्या आसवांत आंबवण्यामुळे आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते, ते साधारण ५ ते १२ टक्के. पण त्याची मात्रा असते १५-२० मिलिलिटर, तीही तेवढेच पाणी घालून. ८ टक्क्यांच्या २० मिलिलिटरमधून सव्वा ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. वरच्या कॉकटेलमध्ये त्याच्या वीसपटीहून अधिक आहे. चमच्याने घ्यायच्या वस्तूचा दाखला ग्लासाला देता येत नाही. आणि आसव तरी वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, हे वैद्यच सांगतात.

कर्करोगाचा मुद्दा आपल्याकडे अजून कुजबुजीतच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, तंबाखूच्या पंगतीला. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन इथल्या कर्करोगांशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. अल्कोहोलपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड बनते आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करते. आले यात आडवे येऊन पेशींना वाचवते, असे माणसांवरच्या अभ्यासांनी दाखवलेले नाही. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच म्हटले की, आरोग्याच्या दृष्टीने मद्याची पूर्णतः सुरक्षित अशी मात्रा नाही.

औषधे घेणाऱ्यांनी तर अधिक जपायला हवे. सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि आले-रम-मध हा ‘घरगुती काढा’ एकत्र घेतला, तर गुंगी दुणावते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर दारूमुळे काही तासांनी धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, आणि त्याची लक्षणे दारू चढल्यासारखीच दिसल्याने घरचे दुर्लक्ष करतात. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन घेणाऱ्याने दारूबाबत आणि आल्याच्या मोठ्या मात्रेबाबत डॉक्टरांना विचारावे. आणि सर्दी झालेल्या लहान मुलाला चमचाभर ब्रँडीत आल्याचा रस देण्याची जुनी रीत कुठे उरली असेल, तर ती आजच बंद व्हावी. एवढ्याशा शरीराला अल्कोहोलची लहान मात्राही घातक ठरू शकते.

गाळून टाकलेले तुकडे

घरी आले मुरवणाऱ्यांसाठी एक साधा हिशेब. ७५० मिलिलिटर रममध्ये १०० ग्रॅम ताजे आले घातले, तर आल्यातले सुमारे ८० मिलिलिटर पाणी बाहेर येऊन रमची तीव्रता ४२.८ वरून ३९ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे ‘आले घातल्याने सौम्य झाली’ हा समज फोल आहे.

पण जे पाणी बाहेर आले, त्याच्या जागी काय गेले? अल्कोहोल. गाळणीत उरलेल्या त्या १०० ग्रॅम कापांत २० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल मुरलेले असू शकते, म्हणजे दोन छोटे पेग. हे काप साखर लावून ‘आलेपाक’ म्हणून बशीत ठेवायची किंवा चटणीत वाटायची हौस काही जण करतात. पंचच्या भांड्यातल्या अननसाच्या फोडींचेही तसेच. घरात लहान मुले असतील तर ही बशी त्यांच्या हाताला लागता कामा नये. मुलांना बाटलीपासून दूर ठेवण्याची काळजी सगळेच घेतात; फळाच्या फोडीपासून दूर ठेवायचे मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही.

हेच आले उलटे वापरा

आता दुसरी बाजू. आले आणि अल्कोहोल एकाच दारावर थाप मारतात, हे आपण पाहिले. मग दारूची थाप काढून टाकून फक्त आल्याची ठेवली तर? बिनदारूच्या पेयांबद्दल पिणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते की, ते ‘नुसते सरबत’ लागते, घशाला काही जाणवत नाही, म्हणून चटकन संपते. ती उणीव भरून काढणारे घटक आपल्या स्वयंपाकघरात मोजकेच, आणि त्यांत आले पहिले.

चार माणसांसाठी ५० ग्रॅम आले किसून फडक्यातून रस पिळून घ्यावा. दहा मिनिटे ठेवला की तळाशी पांढरा साका बसतो. वरचा रस अलगद ओतून घ्यावा. त्यात दोन लिंबांचा रस, चार चमचे कोकम आगळ, जेमतेम गोडीपुरता गूळ आणि चिमूटभर मीठ. ग्लासात हे मिश्रण, अननसाच्या दोन फोडी, भरपूर शहाळ्याचे पाणी किंवा सोडा. अधिक झणझणीत हवे असेल तर चिमूटभर सुंठ. हा ग्लास सरबतासारखा गटागट पिता येत नाही. घोट घेऊन थांबावेच लागते, गप्पा मारता येतात, आणि साखरही आटोक्यात राहते.

ज्यांना पूर्ण सोडायची नाही, त्यांनी याच ग्लासात मापाने मोजून ३० मिलिलिटर घालावी, ६० नव्हे; लिकरचा दुसरा थर तर मुळीच नको. आग आल्याची आहेच, चवीत फारशी उणीव जाणवणार नाही, आणि २७ ग्रॅमच्या जागी १० ग्रॅम पोटात जाईल. जो पीत नाही, त्याने ‘थोडी बरी असते’ म्हणून सुरुवात करण्याचे मात्र काहीही कारण नाही.

यजमानांनी तीन गोष्टी कराव्यात. पेगचे माप ओट्यावर ठेवावे आणि ते प्रत्येक वेळी वापरावे. आल्याचे दारूविना मिश्रण मोठ्या भांड्यात करावे आणि दारू ज्याच्या त्याच्या ग्लासात वेगळी घालावी; म्हणजे नको असलेल्याला आग्रहाचा जाच होत नाही, आणि प्रत्येकाला आपले माप कळते. तिसरे, ग्लासात काय आणि किती आहे, ते पाहुण्याला तोंडाने सांगावे. भाजीत शेंगदाण्याचे कूट आहे हे आपण विचारून-सांगून वाढतो. दारूचे माप सांगायला काय हरकत आहे?

शेवटचा मुद्दा सरकारसाठी. आपल्याकडे मद्याच्या बाटलीवर ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे’ असा इशारा असतो आणि टक्केवारीही असते. पण टक्केवारीवरून ग्रॅम काढत बसायला पिणाऱ्याला वेळ नसतो, आणि पहिल्या ग्लासनंतर ते जमतही नाही. ऑस्ट्रेलियात बाटलीत किती ‘प्रमाणित पेये’ आहेत, हे लेबलवर छापणे सक्तीचे आहे. आपल्याकडेही ते व्हायला हवे, आणि आल्यासारख्या स्वादांच्या मद्यांवर तर ठळक अक्षरांत. बाटलीवर आल्याचे रसरशीत चित्र छापायला जागा मिळते, तिथेच ‘या बाटलीत २५ छोटे पेग अल्कोहोल आहे’ एवढे लिहायलाही मिळेल.

आल्यावर आपला शतकानुशतकांचा विश्वास आहे आणि तो अनाठायी नाही. तो विश्वास त्या आल्यापुरता ठेवावा. त्याच ग्लासातल्या दारूला मात्र माप लावूनच पाहावे.